रेडिएटरमधली हळद

आमच्या घरासमोर नागसेन सरवदेचं गॅरेज आहे, आणि त्या गॅरेजशी माझं भांडण ते उघडलं त्या दिवसापासूनचं आहे. मी शाळेतून दमून यावं, चहाचा कप हातात घ्यावा, आणि समोर या गृहस्थाने कुणाच्या तरी गाडीचा कान असा पिळावा की कपातला चहा हलला पाहिजे. मी ओट्यावर येऊन म्हणायची, "अहो नागसेनराव, इथं माणसं राहतात." तो मान वर न करता म्हणायचा, "झालं बाई. फकस्त आवाज ऐकत व्हतो." आणि पुन्हा पिळायचा. आता मी निवृत्त आहे, कानही पूर्वीसारखे राहिले नाहीत, त्यामुळे भांडणात पहिली मजा उरलेली नाही. तरी एखाद्या दिवशी गॅरेजचं शटर खाली दिसलं की मी मुक्ताबाईंना, म्हणजे त्याच्या बायकोला, हाक मारून विचारते की बरं आहे ना सगळं.

तोंडावर मी त्याला नागसेनराव म्हणते, तुम्ही म्हणते. लिहिताना मात्र नुसता नागसेन येतोय. मनात तो तसाच आहे, तेव्हा तसाच राहू दे.

नळदुर्गचा किल्ला बघायला माणसं कुठून कुठून येतात. आम्ही गावातली माणसं मात्र किल्ल्याकडे पाठ करून हायवेकडे तोंड करून जगतो. नागसेनचे वडील आबाराव याच हायवेच्या कामावर मजूर होते. पोरगा शाळेत रमेना, तेव्हा त्यांनी त्याला ढाब्यांच्या रांगेत ट्रकची दुरुस्ती करणाऱ्या गुंडाप्पा मिस्त्रींच्या हाताखाली घातला. गुंडाप्पा अर्धं कानडी आणि अर्धं मराठी बोलायचे, शिव्या मात्र दोन्हीतल्या पूर्ण द्यायचे. ट्रकच्या पोटाखाली उताणं पडून नागसेन जे काही शिकला ते त्यांच्याकडे.

त्यातलीच एक विद्या हळदीची. हैदराबादकडून येणारा एखादा ट्रक रेडिएटर गळत, वाफा टाकत ढाब्याशी थांबायचा. नवा रेडिएटर इथे कुठला मिळायला? मग गुंडाप्पा ढाब्याच्या भटारखान्यातून मूठभर हळद आणायला सांगायचे, गरम पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये ओतायचे आणि इंजिन चालू करायचे. हळद फुगते, फटीत जाऊन बसते आणि गळती थांबते. ट्रक निदान सोलापूर गाठायचा. पुढे सोलापुरात त्या ड्रायव्हरने रेडिएटर बदलला की नाही, याची चौकशी गुंडाप्पांनी कधी केली नाही आणि त्यांच्या चेल्यानेही केली नाही.

पुढे नागसेनने स्वतःचं दुचाकीचं गॅरेज टाकलं. त्याला मुलगी झाली ती बुद्धपौर्णिमेला, म्हणून तिचं नाव पौर्णिमा, आणि गॅरेजवर पाटी 'पौर्णिमा ऑटो'. पाटी रंगवणाऱ्याने शेजारी एक चंद्र काढला होता. तो चंद्र बऱ्याच वर्षांच्या धुरात पार काळवंडून गेला, तरी नागसेनने दुसरा रंगवून घेतला नाही. या माणसाचे दोन गुण मला सांगितलेच पाहिजेत. एक म्हणजे 'मला ठाऊक न्हाय' हे शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. गाडी कुठलीही असो, तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसायचा, एक डोळा बारीक करायचा आणि रोग सांगून मोकळा व्हायचा. बहुतेक वेळा तो बरोबरही निघायचा, त्यामुळे त्याला सुधारायला वाव नव्हता. दुसरा गुण म्हणजे त्याचा गळा. गावातल्या विहारात बुद्धवंदना तोच सांगतो. ज्या माणसाच्या गॅरेजने माझं डोकं उठायचं, त्याच माणसाच्या आवाजात पंचशील ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. माझं माहेर तुळजापूरचं, पुजाऱ्यांच्या घरात मी आरत्या ऐकत वाढले, तेव्हा आवाज चांगला कशाला म्हणतात ते मला थोडंफार कळतं.

पौर्णिमा माझी विद्यार्थिनी. हुशार, पण तोंडाने तिखट. आता ती आरोग्यसेविका आहे. नळदुर्गहून आतल्या रस्त्याला तिचं उपकेंद्र आहे, तिथून लसीचा डबा घेऊन वस्त्यावस्त्यांवर फिरावं लागतं. स्कूटर त्या रस्त्यांवर टिकेना, म्हणून तिने कळंबच्या भागवत नावाच्या माणसाकडून एक जुनी पण दणकट मोटारसायकल घेतली. भागवत बाजारपेठेत जुन्या गाड्यांचा व्यवहार करतो. गाडी समोर येऊन उभी राहिली तेव्हा निम्मी आळी बघायला आली होती. नागसेनचा ऊर भरून आला होता, आणि तो ते लपवायला सारखा टायर दाबून बघत होता.

गाडीत एकच अडचण होती. ती पाण्याची गाडी होती. नागसेनने जन्मभर दुरुस्त केल्या त्या सगळ्या वाऱ्यावर थंड होणाऱ्या. हिच्या पुढच्या बाजूला एक छोटा रेडिएटर होता, ट्रकच्या रेडिएटरचं बारकं पिल्लू म्हणा, आणि त्यात साधं पाणी नाही तर हिरवं कूलंट फिरत होतं. महिना गेला असेल नसेल, गाडी उभी राहायची त्या शहाबादी फरशीवर हिरवे ठिपके दिसायला लागले. फार नाही, सकाळी उठून पाहावं तर तीन-चार थेंब.

"आण्णा, शनिवारी मी गाडी सोलापूरला शोरूमला दाखवते," पौर्णिमा एका संध्याकाळी म्हणाली. ती सहज म्हणाली. मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते, मला स्पष्ट ऐकू आलं. नागसेनने हातातला पाना पुसून पेटीत ठेवला.

ती घरात गेल्यावर तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला आणि पायरीवर बसला. "ऐकलं का बाई? पाटीवर नाव तिचं, आन गाडी सोलापूरला. परवा तहसीलमधल्या पोरानं नवी गाडी घेतली, तो बी म्हणाला, काका, ही तुमच्या हातची न्हाय. त्येचं सोडा. पर घरची गाडी घरचाच माणूस दुसरीकडं न्यायला लागला, तर नळदुर्गात मला कुत्रं तरी इचारंल का?"

"मग तुम्ही बघा की दुरुस्त करून. थेंबच तर गळतोय," मी म्हटलं.

"बघतो की," तो म्हणाला, पण उठला नाही. गॅरेजकडे बघत बसला. मला त्या क्षणी त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला, कारण या माणसाची दया यावी असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा. "बाई, थोडी हळद द्या. बोट कापलंय."

"मुक्ताबाईंकडे संपली का?"

"ती पाण्याला गेलीय. दरवाजा वढलेला हाय."

माझ्याकडे हळदीला तोटा नाही. माहेरहून कोणी ना कोणी येतं आणि पुडा ठेवून जातं. मी वाटीत काढून दिली. कोणतं बोट कापलं हे काही मला दिसलं नाही, आणि वाटीभर हळद लागावी एवढं बोट कापलं असतं तर तो चालत आला नसता. पण सकाळची वेळ, कुकर शिट्ट्या मारत होता, मी आत गेले.

ठिपके थांबले. दोन दिवसांत फरशी कोरडी ठक्क. पौर्णिमाने वाकून बघितलं, बोट फिरवून बघितलं. "आण्णा, काय केलंत?"

"काय न्हाय. पायपाचा क्लॅम्प ढिला व्हता. आवळला."

"एवढंच?"

"एवढंच तर असतंय. शोरूमवाले त्येचं पुराण करतात."

पौर्णिमा हसली आणि सोलापूर रद्द झालं. पुढचे काही दिवस नागसेनची चाल बघण्यासारखी होती. तहसीलमधल्या त्या पोराला त्याने भर रस्त्यात थांबवून सांगितलं की पाण्याची गाडी म्हणजे काही वेगळी जात नव्हे. मी ओट्यावरून ऐकत होते आणि माझ्या मनात ती वाटी घोळत होती. गुंडाप्पा मिस्त्रींची हळद मला माहीत होती, या हायवेवरच्या कुणाला माहीत नाही? पण गळती थांबली होती, मुलगी खूश होती, बाप खूश होता. मी कशाला मध्ये तोंड घालू?

वैशाखातलं ऊन आमच्याकडे कसं असतं ते सांगत नाही. त्या उन्हात एका दुपारी पौर्णिमा लसीचा डबा घेऊन एका वस्तीकडे निघाली होती. चढाला गाडीच्या काट्यांपाशी लाल दिवा लागला. तिने गाडी बाभळीखाली घेतली तोवर टाकीखालून वाफ यायला लागली. नशीब, मागून एक ट्रॅक्टर आला. बाळं घेऊन बसलेल्या बाया परत जायच्या आत तिला डब्यासकट वस्तीवर पोचता आलं. गाडी संध्याकाळी एका टेम्पोत घालून गॅरेजसमोर उतरवली.

इंजिन गार झाल्यावरच झाकण काढायचं, हे पौर्णिमाला बापानेच लहानपणी शिकवलेलं. ते तिने पाळलं. उन्हं उतरल्यावर नागसेनने रेडिएटरचं झाकण फिरवलं. मी माझी प्लास्टिकची खुर्ची उचलून सरळ गॅरेजमध्ये नेऊन बसले, म्हातारपणात एवढा अधिकार मिळतो. त्याने खाली परात ठेवली आणि इंजिनाच्या उजव्या बाजूचा, पाणी काढायचा बोल्ट सोडला. हिरवं काहीच आलं नाही. कढीसारखं पिवळट, चिकट पाणी आलं, थांबलं, पुन्हा एक गोळा पडला, पुन्हा थांबलं.

पौर्णिमाने बोट बुडवून वास घेतला. "ही तर हळद आहे."

नागसेनचा हात बोल्टवर होता तिथेच राहिला.

"त्या भागवतचं काम. गाडी गळत होती म्हणून विकायच्या आधी हळद घातली आणि माझ्या गळ्यात मारली. आण्णा, बरोबर ना? हळदच आहे ना ही?"

"हळदच हाय," नागसेन म्हणाला.

"म्हणजे त्यानेच घातली."

"असंल."

एवढाच शब्द. पण मी त्याच्याकडे बघत होते आणि त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. पौर्णिमाने तिथेच उभं राहून भागवतला फोन लावला. तिचं तिखट तोंड मी वर्गात ऐकलेलं होतं, पण त्या संध्याकाळी मला तिथून उठून जावंसं वाटलं. तिने त्याला चोर म्हटलं. लसीचा डबा उन्हात खराब झाला असता तर त्याची जबाबदारी कोण घेणार होतं, असं विचारलं. मग तिच्याबरोबरच्या सगळ्या सेविकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये लिहिलं की कळंबच्या या माणसाकडून कुणी गाडी घेऊ नये.

नागसेन तोवर खाली बसून परातीत बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने ती गाडी ज्या रीतीने दुरुस्त केली, तशी दुरुस्ती मी त्या गॅरेजात पाहिली नव्हती. एकदाही कान पिळला नाही, एक डोळा बारीक करून निदान केलं नाही. घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून रस्ता ओलांडून, माझ्या घराच्या बाजूला न्हाणीघराच्या खिडकीखाली येऊन त्याने सोलापूरच्या कुणा मेकॅनिकला फोन लावला. "मला ह्यातलं ठाऊक न्हाय, म्हणून इचारतो," तो म्हणाला. मी हातातला तांब्या खाली ठेवला. कितीतरी वेळ तो नुसता 'व्हय, व्हय' करत ऐकत होता.

मग त्याने रेडिएटर सोडवून उलटा धरला आणि पाणी खालून वर सोडलं, पुन्हा पुन्हा, पिवळं जाऊन स्वच्छ येईपर्यंत. त्या बारीक नळ्या केसाएवढ्या असतात म्हणे. ट्रकच्या नळीत जी हळद फटीत जाऊन बसते, ती इथे नळीच बंद करून टाकते. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट उघडून देणारी झडप, हळदीने चिकटून बसली होती. ती त्याने जुन्या ब्रशने साफ केली, आणि पातेल्यात पाणी उकळून झडप त्यात सोडून ती उघडते का ते बघितलं. पातेलं मुक्ताबाईंचं होतं, त्यावरून दोघांचं जे झालं ते वेगळं.

आणि मूळ गळती? ती सापडली तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. पाणी काढायच्या बोल्टखाली तांब्याचं एक वायसर असतं, नखाएवढी गोल चकती. कुणीतरी कधीतरी पाणी काढून तेच जुनं, दबलेलं वायसर पुन्हा बसवलं होतं. तिथून थेंब थेंब झिरपत होतं. नागसेनने नवं वायसर बसवलं, बोल्ट बेतानं आवळला, बाटलीतल्या शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून भरलं. झाकण उघडं ठेवून इंजिन हळूहळू चालवलं, गाडी डावीउजवीकडे हलवून आतली हवा बुडबुडे होऊन निघू दिली, पुन्हा भरलं. खाली पांढरा पुठ्ठा टाकला. पुठ्ठा कोरडा राहिला.

"झाली?" मी विचारलं.

"गाडी झाली," तो म्हणाला.

त्यानंतर भागवत आला. कळंबहून एसटी बदलत, दुपारच्या उन्हात. मला वाटलं होतं असा माणूस भांडायला येईल, पण हा किडकिडीत गृहस्थ टोपी हातात धरून गॅरेजच्या पायरीवर बसला. पौर्णिमा उपकेंद्रावर होती.

"नागसेनभाऊ," तो म्हणाला, "म्या जुन्या गाड्या इकतो. खोट असली तर सांगून इकतो. ह्या गाडीत म्या हळद घातली आसंल तर येडाई देवीची आण, माझा हात झडंल. दोन गिऱ्हाईकं माघारी गेली, त्येचं मला काय न्हाय. पर ताई मला चोर म्हणल्या. माझ्या पोरींनी ते फोनवर ऐकलं. तुमी मेकॅनिक हाव. तुमीच सांगा, ती हळद जुनी व्हती का नवी?"

मी माझ्या दारातच उभी होते. नागसेन उठला, माठातलं पाणी तांब्यात भरून आणलं, भागवतला दिलं. त्याने पाणी पिऊन होईपर्यंत हा उभा होता.

"सांगता येत न्हाय," नागसेन म्हणाला. "हळदीचं जुनं-नवं कळत न्हाय."

भागवतने तांब्या ठेवला, टोपी डोक्यावर घातली आणि गेला. कुणाला वाईटसाईट बोलला नाही. वाईट बोलला असता तर बरं झालं असतं.

मी रस्ता ओलांडला. राग आला की माझा आवाज चढत नाही, उतरतो, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. "नागसेनराव, ती माझी हळद होती."

"व्हय बाई."

"मी कुणाला सांगणार नाही. हे मी सांगण्यासारखं नाही, तुमचं आहे. पण तो माणूस एसटीने घरी चाललाय आणि पोरींना काय सांगणार आहे कोण जाणे."

तो ओल्या फडक्याने हात पुसत राहिला. हात कधीच कोरडे झाले होते. "बाई, हळद घातली ती चूक झाली. चूक सांगता येती. म्या तिला चूक कवाच सांगितली असती. पर क्लॅम्प आवळला म्हणून तोंडावर सांगितलं, ते खोटं. ती हसली, आन तिनं सोलापूर रद्द केलं. ते कसं सांगू? लहानपणापसनं तिला एकच शिकवलं, खोटं बोलायचं न्हाय. बाकी शिकवायला माज्याजवळ व्हतं काय?"

शिक्षकाच्या नोकरीत मी पुष्कळ उत्तरं दिली, पण हा प्रश्न मुलांच्या पुस्तकातला नव्हता. मी घरी आले आणि त्या दिवशी चहाही केला नाही.

बुद्धपौर्णिमा आली. दर वर्षी मुक्ताबाई मला बोलवायला येतात, याही वर्षी आल्या. विहार आळीच्या टोकाला आहे. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मेणबत्त्या, बाहेर मोठ्या पातेल्यात खीर शिजत होती. बायकांच्या बाजूला मी मुक्ताबाईंच्या शेजारी बसले, माझ्या पलीकडे पौर्णिमा. तिचा वाढदिवस असल्याने मी तिला एक पेन दिलं, शिक्षिकेला दुसरं काही सुचत नाही. ती मोठ्या खुशीत होती. गाडी आता उन्हातान्हात चालते, काटा मध्याच्या वर जात नाही, असं मला सांगत होती. "आण्णांचा हात आहे बाई. सोलापूरला नेली असती तर उगाच गेली असती." मुक्ताबाई खाली बघत होत्या. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मी अजून विचारलेलं नाही.

नागसेन माइकसमोर उभा राहिला. हात जोडले. वंदना सुरू झाली. तो एक ओळ म्हणतो आणि सगळी बसलेली माणसं ती त्याच्यामागून म्हणतात, ही रीत. त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. पहिलं शील हत्या न करण्याचं, दुसरं चोरी न करण्याचं, तिसरं दुराचार न करण्याचं. तीनही तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. चौथं खोटं न बोलण्याचं. 'मुसावादा' हा त्याचा पहिला शब्द.

तो शब्द आला नाही. लोक वाट बघत राहिले. घसा बसला असेल म्हणून कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्याने घेतला नाही.

"थांबा," तो माइकमध्ये म्हणाला. "वंदना करायच्या आधी एक सांगतो. पौर्णिमाच्या गाडीत हळद म्या घातली. कळंबच्या भागवतनं न्हाय. तिनं इचारलं तवा म्या क्लॅम्प आवळला म्हणून सांगितलं. ते खोटं. भागवत माझ्या दारात येऊन बसला, त्येला बी म्या खोटं बोललो. त्येचं नाव माज्यामुळं खराब झालं."

माइकने एक शिट्टी मारली. मागे बसलेली दोन पोरं हसली आणि कुणीतरी त्यांना गप्प केलं. नागसेन हात जोडून तसाच उभा होता, पुढे काही म्हणत नव्हता आणि बाजूलाही होत नव्हता. मी पौर्णिमाकडे बघितलं. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ओठ घट्ट मिटलेले होते. ती उठून निघून जाईल असं मला वाटलं. गेली असती तर मी तिला दोष दिला नसता. त्या मुलीने बापाच्या शब्दावर एका माणसाला चोर म्हटलं होतं.

ती उठली नाही. जागेवर बसूनच, माइक नसताना, तिने ते शील सुरू केलं. बापाचा गळा तिला मिळालेला नाही, आवाज फाटका आहे. पण शब्द स्पष्ट होते. विहारातली सगळी माणसं तिच्यामागून म्हणाली, मुक्ताबाई म्हणाल्या, मीही म्हणाले. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, माइकपासून तोंड बाजूला घेऊन, नागसेनने ते तिच्यामागून म्हटलं. पाचवं शीलही मग तिनेच सांगितलं.

खिरीच्या पंगतीला बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मी मुद्दाम रेंगाळले, खरं सांगायचं तर मला घरी जाववत नव्हतं. पातेली घासायला गेली, माणसं पांगली, तेव्हा पौर्णिमा विहाराच्या पायरीशी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"भागवतना फोन करणार नाही," ती म्हणाली. "फोनवर शिव्या दिल्या, माफी फोनवर नको. उद्या कळंबला जाऊ. दोघं."

"जाऊ," नागसेन म्हणाला. "सकाळची एसटी हाय."

"एसटीनं नाही. गाडीवर."

"लई लांब हाय. ऊन बघितलंस का?"

पौर्णिमा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. गृहपाठ केलाय म्हणणाऱ्या मुलाकडे मी वर्षानुवर्षं ज्या नजरेने बघत आले, तीच ती नजर होती, आणि ती मला या मुलीत बघून बरं वाटलं नाही. "आण्णा, गाडी कळंबपर्यंत जाईल?"

मनातल्या मनात तो ते सगळं पुन्हा उघडून बघत होता, हे मला दिसत होतं.

"जाईल," तो म्हणाला.

"खरं?"

"खरं."

"मग तुम्ही चालवा," पौर्णिमा म्हणाली. "मी मागं बसते."